बुधवारचा नंबर

कर्जत स्टेशनच्या बाहेर आमचा रिक्षा स्टँड आहे. एक गाडी येऊन गेली की दुसरी येईपर्यंत आम्हाला गप्पांशिवाय काम नसतं. त्यामुळे किस्से साठतात. सीटखाली पुसायची फडकी साठतात ना, तसे. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. पण गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे जे साठलेत, ते तुम्हाला दुसऱ्या कुठल्या स्टँडवर मिळायचे नाहीत. हे मी छाती फुगवून सांगतो.

सुरुवात मात्र हसण्यासारखी नाही. बळीरामदादा आमचा अध्यक्ष. अंगाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा. त्याचा धाकटा भाऊ सुरेश आमच्यातच रिक्षा चालवायचा. दोन वर्षांपूर्वी सुरेशने स्वतःचा जीव दिला. आदल्या दिवशी आमच्यात बसून चहा प्यायला होता, हसतही होता. कुणाला काही कळलं नाही.

तेराव्याला दादा सगळ्यांसमोर एवढंच म्हणाला, "ह्याच्यापुढं आपल्यातल्या कोणी मनात ठेवून बसायचं नाय. बोलायचं. आपसात बोला, नायतर डॉक्टरशी बोला."

तो स्वतः मात्र बोलला नाही. सुरेशचं नावही त्याने तोंडातून काढलं नाही. त्याची झोप गेली, गालफडं बसली. आम्ही रोज त्याच्याकडे बघायचो आणि प्रत्येकाच्या पोटात एकच भीती असायची, सुरेशनंतर आता दादा तर नाही ना.

* * *

डॉक्टरकडे पहिला गेला विलास. कशेळ्याला तीन सिटं घेऊन चालला होता. वाटेत छाती धडधडायला लागली, हात कापायला लागले, शर्ट घामाने भिजला. त्याने रिक्षा कडेला घेतली. शेवटी एका सिटाने रिक्षा चालवली आणि विलासला मागे बसवून सरकारी दवाखान्यात आणलं. ड्रायव्हर मागे आणि सीट पुढे, असं भाडं आमच्या स्टँडवर आधी कधी झालं नव्हतं.

तिथे कार्डिओग्राम काढला. हृदय एकदम ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, "हे मनावरच्या ताणानं होतं. दर बुधवारी इथे मानसोपचाराच्या मॅडम येतात, त्यांना भेटा."

विलासने हात जोडले. "साहेब, त्यापेक्षा हार्ट अटॅकच लिवून द्या की. घरी सांगायला बरं पडंल."

साहेबांनी काही लिहून दिलं नाही. बुधवारी दादाने विलासला आपल्या रिक्षात घातलं आणि दारापर्यंत सोडलं. दोन-तीन महिन्यांत विलास पुन्हा कशेळ्याची भाडी मारायला लागला. मधल्या वेळेत कोणी त्याला वेडा म्हणालं असतं तर म्हणणाऱ्याचं काय झालं असतं, ते दादालाच ठाऊक. पण म्हणालं कोणी नाही.

* * *

आमच्या स्टँडवर नंबरला फार मान. रिक्षा लाइनीत लावली की माणूस जागेवर पाहिजे. दाढीला जा, पानाच्या टपरीवर जा, नंबर गेलाच समजायचा. आल्यावर शेवटी जाऊन लागायचं. हा नियम खुद्द दादाचा.

विलासचे बुधवार सुरू झाल्यावर पंचाईत झाली. दादाने मीटिंग घेतली आणि जाहीर केलं, "बुधवारी जो मॅडमकडं जाईल त्याचा नंबर जाणार नाय. त्यानं गाडी न्यूट्रलला ठेवून जायचं. मागच्यानं पुढं ढकलत न्यायची."

खंडू म्हणजे आमच्यातला मस्करीखोर. तो लगेच म्हणाला, "मंग मलापण बुधवारचं काय तरी व्हायला लागलंय."

सगळे हसले. दादा हसला नाही. "मंग तूपण जा. खोटा नंबर राखशील तर गाडी ढकलत भिसेगावात नेऊन सोडीन."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. बुधवारी खंडू शीळ घालत गेला. बऱ्याच वेळाने परत आला तेव्हा डोळे लाल. सीटवर बसला, हँडल धरलं आणि म्हणाला, "मी आपला टाइमपास करायला गेलतो रं. माझं खरंच निघालं."

लहानपणी त्याच्या वडिलांनी त्याला गुरासारखं मारलं होतं, आणि आता त्याचाच हात आपल्या पोरावर उठायला लागला होता. हे त्याने स्वतः सगळ्यांना सांगितलं, म्हणून मी तुम्हाला सांगतोय. पुढचा बुधवारही त्याने चुकवला नाही.

* * *

खंडूची बायको सुरेखा. नवरा दर बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून निघतो, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. एका बुधवारी ती तणतणत स्टँडवर आली.

"दादा, खरं सांगा. कोण बाई हाय ती?"

दादा शांतपणे म्हणाला, "हाय एक बाई. बस रिक्षात, दाखवतो तुला."

त्याने तिला थेट मॅडमच्या दारासमोर नेऊन बसवलं. आत खंडू होता. थोड्या वेळाने मॅडमनी तिलाही आत बोलावलं, आणि दोघं बाहेर आली ती एकत्रच.

नंतर भेटली तेव्हा मी विचारलं, "काय वहिनी, संशय गेला का?"

"संशय गेला. पण आधी हे घरात गप बसायचे, आता डोळा लागेस्तवर बोलतात. तेवढं जरा कमी करायचं औषध असंल तर विचारा मॅडमना."

पोराचं विचारायची गरज पडली नाही. ते हल्ली बापाच्या शेजारी पुढे बसून शाळेत जातं.

* * *

एकदा एक साहेब मुंबईहून उतरले. पळसदरीला त्यांचं फार्महाऊस. लाइनीतल्या पहिल्या रिक्षात बॅगा ठेवल्या आणि ड्रायव्हरची वाट बघत बसले. ती रिक्षा विलासची होती.

"ड्रायव्हर कुठाय?" त्यांनी विचारलं.

खंडू म्हणाला, "मनाच्या डॉक्टरकडं गेलाय. मागच्या रिक्षात बसा तुमी, मी सोडतो."

साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. असं भर स्टँडवर, मोठ्याने सांगतात का? पण आमच्याकडे सांगतात. साहेब खंडूच्या रिक्षात बसले. पळसदरी आली. बॅगा उतरवून झाल्यावर त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "त्या मॅडम फक्त इथल्या लोकांनाच बघतात का हो?"

* * *

आमच्यात सगळं वाटून घ्यायची सवय. तंबाखू वाटून, डबा वाटून, एकाची स्टेपनी दुसऱ्याच्या चाकाला. त्या सवयीने विलासने एक घोळ घातला. दादाला झोप लागत नाही म्हणून त्याने आपल्या गोळ्यांची अर्धी पट्टी कापून दादाला दिली. वर तारीफही केली, "लय भारी गोळी हाय, दादा."

दादाने ती घेतली नाही, पण विलासने हे पुण्यकर्म मॅडमना अभिमानाने सांगितलं. मॅडम बोलायला एकदम मऊ. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज बाहेर बाकापर्यंत आला. "गोळी म्हणजे काय स्टेपनी आहे, कुणालाही लावायला?"

मग मॅडमनी विचारलं, "कुणासाठी दिलीत?" त्याने सगळं सांगितलं. सुरेशचं, दादाच्या झोपेचं, आमच्या पोटातल्या भीतीचं.

मॅडम म्हणाल्या, "गोळी नका देऊ. माणूस घेऊन या."

* * *

माणूस नेणं सोपं नव्हतं. विलास आणि मी हातापाया पडलो तेव्हा दादा कसाबसा तयार झाला. केसपेपर काढला, बाकावर बसला. नंबर आला तसा उठला आणि मागच्या बाईला म्हणाला, "ताई, तुमच्या कडेवर लेकरू हाय. तुमी जा आधी." मग एका म्हाताऱ्याला म्हणाला, "बाबा, तुमाला लांब जायचंय, तुमी जा." ज्याला त्याला नंबर देत सुटला. शेवटी मॅडमची वेळ संपली. स्टँडवर येऊन आम्हाला सांगतो, "आज लय गर्दी होती रं."

पुढच्या बुधवारी पुन्हा तेच; नंबर वाटल्याचं आम्हाला दवाखान्यातल्या सिस्टरकडून कळलं. त्या रात्री त्याच्या बायकोने विलासला फोन केला. दादाने जेवण सोडलं होतं.

मग आम्ही ठरवलं. तिसऱ्या बुधवारी आम्ही सिस्टरना सांगून दादाचा नंबर सगळ्यात शेवटी लावून घेतला. बाकीचे पेशंट होऊन गेले. दादाच्या मागे बाकांवर आम्हीच होतो, सगळा स्टँड. दुपारची गाडी लागली तेव्हा स्टेशनबाहेर रिक्षा होत्या, पण चालवायला एकही माणूस नव्हता.

सिस्टरनी दादाचं नाव पुकारलं. तो उठला आणि सवयीने मागे वळला.

"विलास, तू जा आधी."

"माझं झालं, दादा."

"खंडू?"

"मी मघाशीच आत जाऊन आलो."

मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "दादा, आता मागं कोणी नाय."

दादाने दाराकडे बघितलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "आत सुरेशचं सांगावं लागंल रं."

"सांग ना, दादा," विलास म्हणाला. "आमी हाय हितं."

दादा आत गेला. दार लागलं. थोड्या वेळाने त्याच्या रडण्याचा आवाज आला. आम्ही कोणी एकमेकांकडे बघितलं नाही. जागचं कोणी उठलंही नाही.

खूप वेळाने दार उघडलं. दादाने रुमालाने तोंड पुसलं, नाक शिंकरलं आणि आमची ती रांग बघितली.

"स्टँडवर कोण हाय?"

"कोणी नाय," खंडू म्हणाला.

दादाने एकेकाच्या तोंडाकडे बघून घेतलं. मग केसपेपरची घडी घालून खिशात ठेवली.

"पुढल्या बुधवारी एवढे जण येऊ नका," तो म्हणाला. "माझा नंबर मी कोणाला देत नाय."