दगडावरच्या चपला

मार्च महिन्यातल्या एका रविवारी मी आणि दादा भुयार पाहायला गेलो. दादा आत असताना भुयाराचं तोंड बंद झालं. तो दोन तास आत होता. अकरा महिन्यांनी तो गेला.

एवढं लिहून मी चार दिवस थांबले. पुढचं लिहायचं म्हणजे पुन्हा त्या दगडाजवळ जाऊन उभं राहायचं.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. शाळेत भूगोल शिकवायचा. वहिनी गेल्यावर मी वर्ध्यात त्याच्या घरी राहायला आले. मी लग्न केलेलं नव्हतं, म्हणून सोबत आणायला पुस्तकांखेरीज फारसं काही नव्हतं. एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी तीस वर्षं काढली होती. दादाला मी घाबरट वाटायची आणि ते खरंच होतं. लिफ्टमध्ये मी चढत नाही, न्हाणीघराची कडी लावत नाही. त्याच्या छातीत दोन स्टेंट बसल्यावर माझ्या भीतीला आणखी एक काम मिळालं. जिभेखाली ठेवायच्या त्याच्या गोळ्या माझ्या पिशवीत असत, कारण स्वतःच्या खिशातल्या गोळ्या तो शर्टासकट धुवायला टाकी.

सहलीचं निघालं ते फोनवर. त्याची मुलगी नाशिकला असते. ती म्हणाली, "बाबा, आत्याला घेऊन या ना इकडे. लेणी दाखवते, वायनरी दाखवते."

"वायनरी म्हणजे दारूची भट्टीच ना गं?" दादा म्हणाला. "आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे बाई. पण भुयार आहे, जगावेगळे दगड आहेत, अन् वायनरीच्या जागी मोहाचं झाड आहे. एका दिवसात तिन्ही पाहतो अन् तुले फोटो पाठवतो."

फोन ठेवल्यावर तो माझ्याकडे वळला. "काऊन गं, भेली काय?"

"मी आत येणार नाही," मी म्हटलं.

"नको येऊ. बाहेर बसून पुस्तक वाच."

गाडी त्याच्याच एका जुन्या विद्यार्थ्याची होती. आता चाळिशी ओलांडलेला तो माणूस भाड्याने गाडी चालवतो. पहाटे निघालो तेव्हा तो मला म्हणाला, "ताई, सरानं मले भूगोलात पस्तीस देल्ले होते. आता पाहा, नकाशा त्यायच्या डोक्यात अन् स्टेअरिंग माह्या हातात."

"पस्तीस बी जास्त होते," दादा मागून म्हणाला.

आधी गिरडला गेलो. तिथल्या टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड सापडतात. एक व्यापारी फकिराशी खोटं बोलला म्हणून त्याचा सगळा माल दगड झाला, अशी गोष्ट लोक सांगतात. दादाने ती गोष्ट पूर्ण ऐकून घेतली, सांगणाऱ्याला हात जोडले, आणि मग मला बाजूला नेऊन ज्वालारसातल्या पोकळ्यांमध्ये खनिजं कशी भरत गेली ते सांगितलं. एक दगड त्याने खिशात टाकला. मला ते आवडलं नाही. मी देवभोळी नाही, तरी म्हटलं, "राहू दे ना तिथंच." तो हसला.

मग जिल्हा आडवा ओलांडून दुसऱ्या टोकाला, धाम नदी जिथून निघते त्या बाजूच्या जंगलात गेलो. पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. गाडी खाली राहिली. वीस मिनिटं चढून गेल्यावर काळ्या कातळात एक तोंड दिसलं, गुडघ्यावर बसून आत जावं लागेल एवढंच. आत महादेवाची पिंड आहे. बाहेर एक झोपडी होती. भुयाराची राखण करणारा एक वृद्ध गोंड माणूस आणि त्याची बायको तिथे राहत. झोपडीसमोर चटईवर मोहाची फुलं वाळत घातली होती आणि त्यांचा गोड, जड वास वाऱ्याबरोबर येत-जात होता.

त्या म्हाताऱ्या बाबांनी दादाला दोन गोष्टी सांगितल्या. मीही शेजारीच उभी होते. "चपला या दगडावर ठेवा. अन् आत हाक नाई माराची. वरच्या कपारीत आग्यामोहळ हाये. आवाजानं उठते."

तोंडाजवळ एक सपाट दगड होता आणि त्यावर दहा-बारा जोड ओळीने मांडलेले होते. आर्वीकडची काही माणसं आत गेली होती. दादाने आपल्या चपला टोकाला ठेवल्या, विजेरी पेटवून पाहिली आणि खाली वाकला. आधी डोकं गेलं, मग पाठ. शेवटी त्याचे पांढरे तळवे आत ओढले गेले.

झाडावर वानरं होती. एक मोठं वानर उतरून दगडापासून हातभर अंतरावर येऊन बसलं. दादाच्या चपला नव्या होत्या, डॉक्टरांनी सांगितल्या तशा मऊ तळव्यांच्या. वानराने एक जरी पळवली तर हा अनवाणी डोंगर कसा उतरेल, हा विचार आला. मी दोन्ही चपला उचलल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि पिशवीत ठेवल्या. बाबा तेव्हा झोपडीत होते.

भुयाराच्या तोंडाकडे पाहत बसणं मला जमेना. बाबांच्या बायकोने, आजींनी, मागच्या बाजूला झरा आहे म्हणून सांगितलं, तशी मी बाटली घेऊन तिकडे गेले. पाणी भरलं. मग तिथेच सावलीत बसून पुस्तक उघडलं. त्या पुस्तकाचं नाव मी आता कुणाला सांगत नाही. मी जवळजवळ तासभर वाचत होते.

परत आले तेव्हा भुयाराच्या तोंडावर लोखंडी जाळी लागलेली होती आणि जाळीवर बोरीच्या काट्यांचा ढीग रचलेला होता. दगड मोकळा होता. माणसं नव्हती.

मला आधी बरंच वाटलं. आला बाहेर, सुटले, असं. अनवाणीच गाडीकडे गेला असेल, आता मला बोलेल. मी घाईने खाली उतरले. गाडीपाशी ड्रायव्हर एकटाच डबा खात होता.

"सर कुठं हायेत?" त्यानेच विचारलं.

म्हणजे दादा इकडे आलाच नव्हता. दादाचा फोन गाडीतच चार्जिंगला होता. ड्रायव्हर म्हणाला, "घाबरू नका ताई. सर दगड पाहत कुठंतरी बसले असतीन. सहलीले बी असेच गायब होत." तो डोंगरमाथ्याकडे गेला. मी नाल्याच्या कडेने शोधत निघाले. नाल्याच्या ओल्या वाळूत एक मोठं पाऊल उमटलेलं दिसलं, माणसाच्या पावलासारखं, पण पुढे नखं. मोहाच्या दिवसांत अस्वलं येतात हे मला माहीत होतं. मी "दादा, दादा" अशी हाक मारत होते आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. प्रत्येक झुडपामागे तो पालथा पडलेला दिसे, जवळ गेल्यावर तिथे मुळं असत, नाहीतर सावली. गोळ्या माझ्याजवळ आणि तो माझ्याजवळ नाही, हेच डोक्यात फिरत होतं.

असा पाऊण तास गेला. ड्रायव्हर अजून वरच होता. मी पुन्हा झोपडीपाशी आले. बाबा जेवून हात धूत होते.

"बाबा, आत नक्की कोणी नाही ना?"

"नाई ना बाई. दगड खाली झाला, मंगच काटे लावले. दुपारी अस्वल घुसते आत. मी त रोज चपलाच पाहतो. आत हाक मारता येत नाई, अन् आलेगेले चेहरे कुठं ध्यानात राह्यतेत? जोडा असला त माणूस आत. जोडा नाई, त माणूस नाई."

मी उभीच राहिले. तीस वर्षं मी हेच केलं होतं. पुस्तक बाहेर गेलं की त्याचं कार्ड ट्रेमध्ये राहतं. कार्ड आहे म्हणजे पुस्तक कुणाकडे तरी आहे. ट्रेमधल्या कार्डाला कुणी हात लावला तर मी प्राध्यापकांनाही सोडत नसे.

मी पिशवीतून वर्तमानपत्राचं पुडकं काढलं आणि दगडावर ठेवून उघडलं.

बाबांनी चपलांकडे पाहिलं. धोतर वर खोचलं आणि दोन्ही हातांनी काटे ओढायला लागले. त्यांच्या मनगटावरून रक्त येत होतं. आजी कंदील घेऊन धावत आल्या. जाळी निघाल्यावर बाबा म्हणाले, "मी आणतो. तुमी थांबा."

"गोळी मलाच द्यावी लागेल," मी म्हटलं. ते खरं नव्हतं. गोळी कुणीही देऊ शकलं असतं. पण त्या दगडापाशी एकटं उभं राहणं मला आतल्या अंधाराहून अवघड वाटलं.

पुढे बाबा, मागे मी. कोपरांवर सरकायचं. कातळ पाठीला लागत होता. श्वास पूर्ण घेतला की वरचा दगड अंगावर दाबला जाई, म्हणून मी अर्धा श्वास घेत होते. वटवाघळांच्या विष्ठेचा वास नाकातोंडात गेला. कंदिलाचा उजेड बाबांच्या अंगाआड होता आणि मला त्यांच्या टाचांशिवाय काही दिसत नव्हतं. त्या भेगाळलेल्या टाचा थांबल्या की मी थांबे. मध्येच एकदा त्या बराच वेळ थांबल्या. बाबांनी काहीतरी पाहिलं आणि मला सांगत नाहीत, असं मला वाटलं. हाक मारता येत नव्हती. मी मनात म्हणत होते, चपला दगडावर आहेत, आता चपला दगडावर आहेत.

मग वाट मोकळी झाली आणि बाबा बाजूला सरले.

दादा पिंडीच्या मागे कातळाला टेकून बसला होता. डोळे उघडे होते. उजेड तोंडावर पडला तरी त्याने ते मिटले नाहीत. विजेरी फुटून बाजूला पडली होती. एक हात छातीवर आणि दुसऱ्या मुठीत गिरडचा तो दगड. मी गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली. त्याची जीभ कोरडी होती. त्याचा हात मी धरून ठेवला.

थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "हरवलं तर आहे तिथंच बसावं. पोरायले हेच शिकवलं."

"हाक का नाही मारली?" मीही कुजबुजले.

"मारू नका म्हणले होते ना."

बाहेर यायला आम्हाला अर्धा तास लागला. उन्हात त्याचे तळवे भाजायला लागले तसा तो एक पाय उचलून उभा राहिला. मी दगडावरच्या चपला उचलून त्याच्या पायांपुढे ठेवल्या, सोबतचं वर्तमानपत्र घडी करून पिशवीत टाकलं. त्याने चपलांकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग बाबांच्या मनगटांकडे. चपला घातल्या.

"मलेच एक डाव आत पाहाले पाह्यजे होतं, गुरुजी," बाबा म्हणाले.

"तुमी बराबर केलं," दादा म्हणाला. "तुमचा नियम बराबर आहे."

आजींनी ओंजळभर मोहाची फुलं आणून त्याच्या हातावर ठेवली. तो म्हणाला, "आजी, आपल्या जिल्ह्यात बंदी हाये."

"बंदी दारूले हाये. फुलाले थोडीच हाये," आजी म्हणाल्या.

त्याने दोन फुलं खाल्ली. उरलेली खिशात ठेवली.

आम्ही परत निघालो. पवनारच्या आसपास दादाने डोळे मिटूनच म्हटलं, "तीस वर्षं लोकायले कार्डासाठी बोलली तू. अन् माहंच कार्ड पिशवीत?"

मला हसता आलं नाही. तोही हसला नाही. त्या विषयावर आम्ही बोललो ते एवढंच.

त्या संध्याकाळी सेवाग्रामच्या दवाखान्यात त्याला ठेवून घेतलं. हृदयाला इजा झालेली होती. ती भुयारात झाली की कधीतरी होणारच होती, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही. घरी आल्यावर माझा दादा, जो कशालाच भीत नसे, न्हाणीघराची कडी लावेनासा झाला. दुपारी झोपताना खिडकीचा पडदा उघडा ठेवायला सांगे. मी शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसे आणि त्याचा श्वास ऐके. अकरा महिन्यांत मी एकही पुस्तक पूर्ण वाचलं नाही. फेब्रुवारीत एका सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा त्याचा श्वास ऐकू येत नव्हता.

अस्थी धाममध्ये सोडल्या. भाची म्हणाली, "आत्या, आता तू नाशिकला चल." मी नाही म्हटलं. तिने त्याचे कपडे बांधून गरजूंना दिले. चष्मा आणि गिरडचा दगड ती घेऊन गेली. चपलाही ती पिशवीत घालत होती, तेव्हा मी तिचा हात धरला.

चपला दाराबाहेर आहेत. मी त्या आत घेत नाही.