यादीतली चांदणी

व्हर्लीन टॅकेट एकतीस वर्षं लॉरेल क्रीकच्या चर्चचं रविवारचं पत्रक टाइप करत होती. त्यात गाणी असायची, बायबलचा उतारा असायचा, फुलांची पाळी कुणाची तेही असायचं. पण लोक आधी पान उलटायचे ते मागची प्रार्थनेची यादी बघायला. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाचा मुलगा फौजेत, कुणाच्या घरी मयत. आणि एखाद्या नावापुढे चांदणीची खूण असली, तर तिचा अर्थ एकच: त्या घरात स्वयंपाकाचं भान कुणाला नाही, जेवण पोहोचवा.

हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. गावाला माहीत होतं, बस. पाळक ब्रदर कॉर्बिनना मात्र शहरातल्या मोठ्या चर्चमधून येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

गुरुवारी ते ऑफिसात आले आणि टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले. गावात वयानं मोठ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, 'मिस' म्हणतात, एवढं ते शिकले होते. "मिस व्हर्लीन, यादीत एक नाव घाला. एल्डन प्रॉफिट."

"अरे देवा! काय झालं त्याला? परवा तर दुकानात दोन्ही काखांत दोन टरबुजं घेऊन चालला होता."

"झालं काही नाही. शेरीफच्या निवडणुकीला उभा आहे ना. लिहा, 'एल्डन प्रॉफिट यांच्या विजयासाठी.'"

व्हर्लीनची बोटं कळफलकावर तशीच राहिली. ते आता हसतील म्हणून ती वाट बघत राहिली. ते हसले नाहीत.

"ब्रदर कॉर्बिन, आपल्या चर्चला सरकारची करमाफी आहे. उमेदवाराची बाजू घ्यायची नाही या अटीवर आहे. तुमच्या आधीचे पाळक तर निवडणुकीच्या महिन्यात 'शेरीफ' हा शब्दसुद्धा तोंडातून काढायचे नाहीत."

"मी कुठं मत द्या म्हणतोय? प्रार्थना करा म्हणतोय. प्रार्थनेवर कर लावणार का सरकार?"

"प्रार्थनेवर नाही, चलाखीवर."

"तुमचा एल्डनला विरोध आहे का?"

"विरोध कसला! माझं मत त्यालाच आहे. पण मत माझं, यादी सगळ्यांची. त्याच्याविरुद्ध जो उभा आहे ना, त्याची आई तिसऱ्या बाकावर बसते. मिस ओरा. तिचा गुडघाही याच यादीत आहे."

"बरं बरं, राहू द्या," ते म्हणाले आणि शीळ घालत निघून गेले. विषय संपला असं व्हर्लीनला वाटलं.

रविवारी तिनं आपल्या नेहमीच्या जागेवर बसून पत्रक उलटलं. आजाऱ्यांच्या रकान्यात, शेवटच्या ओळीत, वेगळ्याच जाड अक्षरांत: एल्डन प्रॉफिट. 'विजय' गाळलेला. आणि नाव डोळ्यांत भरावं म्हणून पुढे ठसठशीत चांदणी.

एकतीस वर्षांत तिच्या यादीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

"अगं!" मागच्या बाकावरून नेल्डानं तिचा दंड धरला. "चांदणी? एल्डनला? आणि तू मला फोन केला नाहीस?"

"मी नाही लिहिलं ते."

"तू नाही तर काय, मशीननं आपलं आपण लिहिलं?"

तेवढ्यात ब्रदर कॉर्बिन व्यासपीठावरून म्हणाले, "बंधूभगिनींनो, आपल्या एल्डनला या दिवसांत तुमच्या प्रार्थनांची फार फार गरज आहे. जास्त बोलत नाही. तुम्ही समजून घ्या."

लोकांनी समजून घेतलं. बायकांच्या बाकांवरून एक हुंदका आला. शेवटचं गाणं होताच सगळ्या धावल्या त्या आपापल्या स्वयंपाकघरांत. व्हर्लीन दारात एकेकीला अडवत होती, पण तिचं ऐकायला थांबतं कोण!

चार वाजता ती प्रॉफिटांच्या घरी पोहोचली. ओसरीवर चौदा भांडी. भाजलेलं चिकन, मक्याची भाकर, केळ्याचं पुडिंग. सगळ्यांवर चकचकीत कागद आणि भांडं परत यावं म्हणून तळाला नावाच्या चिकटपट्ट्या. मधोमध एल्डनची बायको जोनेल उभी होती. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"किती दिवस सांगितलेत गं डॉक्टरांनी? सगळ्या गावाला माहीत आहे, फक्त मला नाही."

"अगं, मी ठणठणीत आहे!" आतून एल्डन ओरडला.

"तू गप बस! माझा बापही असंच म्हणायचा. ठणठणीत, ठणठणीत. शेवटी दवाखान्यात पोहोचायलासुद्धा वेळ मिळाला नाही मला."

व्हर्लीननं तिचे दोन्ही हात धरले आणि सगळं सांगितलं. जोनेल मटकन पायरीवर बसली.

"मतांसाठी?"

"हो."

"आजाऱ्यांच्या यादीत?"



बुधवारच्या प्रार्थनासभेत ती उभी राहिली. आपलं काम जाणार हे ती धरूनच चालली होती. आवाज स्वच्छ निघाला. "एल्डन आजारी नाही. ते नाव मी घातलेलं नाही. निवडणूक जिंकावी म्हणून ते घातलं गेलं. हे आपल्याला कायद्यानं करता येत नाही. आणि कायदा नसता तरी करायला नको होतं."

मग सर्वांत वयस्कर होबर्टनं कानामागे हात धरून विचारलं, "म्हणजे पोरगा बरा आहे?"

"हो, पण..."

"मग देवाची स्तुती असो!"

टाळ्या. व्हर्लीनला आधी कळेचना, हा आवाज कसला. कुणीतरी ओरडलं, "मत तर त्यालाच द्यायचंय!" हशा झाला, पुन्हा टाळ्या. नेल्डा टाळ्या वाजवत होती. ब्रदर कॉर्बिन मान खाली घालून नम्रपणे हसत होते. लोक चिडतील, पाळकांवर नाहीतर आपल्यावर, एवढं व्हर्लीननं गृहीत धरलं होतं. टाळ्या तिनं धरल्याच नव्हत्या.

तिसऱ्या बाकावरून मिस ओरा काठी टेकत उठली. टाळ्या संपेपर्यंत ती कशीबशी व्हर्लीनपर्यंत आली होती.

"माझं नाव काढ यादीतून," ती म्हणाली. रागानं नाही, दुकानात हिशोब मिटवावा तसं. आणि बाहेर पडली.

शुक्रवारी ब्रदर कॉर्बिननी छापलेलं पत्रक उचललं. गाणी होती, उतारा होता, फुलांची पाळी होती. त्यांनी पान उलटलं. मागची बाजू कोरी.

"यादी कुठाय?"

"माझ्या घरी. ज्याला कुणासाठी प्रार्थना हवी असेल त्यानं मला फोन करावा. मी घरोघर कळवीन."

"मिस व्हर्लीन, हे चर्चचं काम आहे."

"होतं. माझ्या घराचा कर मी भरते, ब्रदर कॉर्बिन. तिथं कुणाचं नाव घ्यायचं आणि कुणाचं नाही, ते मी बघेन."

"आणि लोकांनी विचारलं, यादी का नाही, तर मी काय सांगू?"

व्हर्लीननं मशीन बंद केलं आणि पर्स उचलली.

"सांगा काहीतरी. व्यासपीठ तुमच्याकडे आहे."