चंद्रीचा रस्सा

परवा नातवानं मोबाइलवर फोटो दाखवला. पांढरीशुभ्र कोंबडी, लालभडक तुरा... व्हाइट लेगहॉर्न! हातातला घास तसाच राहिला आणि मी थेट नागपूरजवळच्या वाडीत, चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात जाऊन पडले.

आई तेव्हा गोदामात फाटकी पोती शिवायची. बोटं सुईनं सोललेली. अशात सरकारी योजनेतून तिला सहा लेगहॉर्न कोंबड्या आणि एक कोंबडा मिळाला. मूळच्या इटलीच्या म्हणे!

पिल्लं झाली की गोदाम सोडायचं, हे आईनं ठरवूनच टाकलं. पण एकही खुडूक होईना, अंड्यांवर बसेना. अंडी घालायच्या आणि खुशाल निघून जायच्या... आमची म्हातारी गावठी चंद्री मात्र दगडावरही बसली असती. पण विलायती अंडी गावठीखाली कशाला नासवायची, असं आईला वाटे.

एक दिवस योजनेचे साहेब कोंबड्या बघायला आले. आईला विचारायचं होतंच. पण पाहुणा जेवल्याशिवाय त्याला कामाचं विचारायचं नाही, ही आमच्या घरची रीत. पांढरीला हात लावणं शक्य नव्हतं. आईनं टोपल्याखालून चंद्रीला काढलं.

साहेबांनी रस्सा दोनदा मागून घेतला. ते हात धुवायला उठले तेव्हा आईनं विचारलं, "सायेब, ह्या खुडूक काहून नाई होत?"

"बाई, ही जात अंड्यावर बसतच नाही. बसली की अंडी बंद, म्हणून न बसणाऱ्याच निवडत आले लोक. अंडी गावठीखाली ठेवायची. आहे ना तुमच्याकडे एखादी?"

मी ताटातल्या हाडांकडे बघत राहिले...

शेजारणीची कोंबडी मागून आणायच्या आत कोंबड्यांत मानमोडीची साथ आली. आठ दिवसांत सगळ्यांच्या गावठी गेल्या, आमच्या पांढऱ्याही गेल्या.

उरलेली सात अंडी आईनं कापसात गुंडाळून चुलीशेजारी ठेवली. एकवीस दिवस हातानं फिरवत राहिली. बाविसाव्या दिवशी फोडली तर नुसता घाण वास. त्याच दुपारी ती गोदामात परत गेली, ती डोळे जाईपर्यंत जातच राहिली.

तुझी चूक नव्हती, असं मी कितीदा म्हटलं. ती म्हणायची, "पाहुण्याले खाऊ घातलं त्याचं नाई वाटत वं... जेवाच्या आधी काहून नाई विचारलं मी?"

आज माझ्याकडे कुणी आलं की मी दारातच विचारते, काय काम आहे? चहा-पाणी नंतर. लोक तुसडी म्हणतात मला... म्हणू देत.