घोळक्याच्या मधला अंबादास

अंबादास वर्ध्याहून जबलपूरला आला तो देश सुधारायला. दारूगोळ्याच्या फॅक्टरीतली नोकरी आपली पोटापुरती. मी त्याच्या खोलीतला जोडीदार, दिवाकर. त्याचं भाषण मला रोज जेवणाआधी ऐकावं लागे, आणि पोटात कावळे ओरडत असले की मला देश सुधारण्याचा भारी राग येई. पण गडी नुसता बोलघेवडा नव्हता. फॅक्टरीच्या वाटेवरच्या गोहलपुरात बिड्या वळणाऱ्या बायांसाठी त्यानं संध्याकाळचा वर्ग काढला. प्रत्येक बाई वाचायला लागेपर्यंत एकही खाडा करणार नाही, असा शब्द त्यानं त्यांना दिला होता.

फॅक्टरी सुटली की आम्ही सायकलींच्या घोळक्यानं निघायचो. घोळक्याचा कायदा एकच, जो दमला तो मध्ये. कडेचे लोक वारा अंगावर घेत आणि मधल्याला आयतं ओढल्यासारखं होई. पण मधल्यानं ब्रेक मारायचा नाही, वळायचं नाही. मारला तर मागचे सगळे एकमेकांवर. म्हणून गोहलपूरला वळायचं असलेला अंबादास नेहमी डाव्या कडेला असे.

पासष्टची लढाई लागली आणि ओव्हरटाइम सुरू झाला. तोफगोळ्यांच्या पेट्या उचलून हात खांद्यातून निखळायची वेळ आली. एका संध्याकाळी मी म्हटलं, "मध्ये ये ना बे, काहून मरून राहिला तिकडं?" तो मध्ये आला. गोहलपूर आलं आणि गेलं, त्याला वळताच आलं नाही. त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी तो आपणहून मध्ये आला, आणि रात्री पोटभर जेवला.

मग ते रोजचंच झालं. पुढं पुढं त्याची भाषणंही बंद पडली. मला वाटलं, सुटलो! कसलं काय, खोली खायला उठली. माणूस बिघडतो म्हणजे काही चोऱ्यामाऱ्या करत नाही, नुसता वाऱ्याच्या आडोशाला जातो. मला त्याची कीव येई आणि चीडही येई, पण ओव्हरटाइम मीही करत होतो.

महिन्याभरानं एकदा गोहलपूरच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध एक बाई उभी दिसली. त्याच्या वर्गातली रशीदन. आम्ही घंट्या बडवल्या, बाई हलेना. पुढच्यांनी ब्रेक मारले आणि आम्ही सगळे एकमेकांवर कोसळलो. माझं हँडल वाकडं झालं. शिव्यांचा पाऊस पडत होता, त्यातून ती सरळ अंबादासकडे गेली.

"गुरुजी, बीमार थे क्या?"

हो म्हणायला काय जात होतं! लढाईचं काम आहे म्हटलं असतं तरी खपलं असतं. अंबादासनं चेन बसवत असल्यासारखं केलं. मग मान वर करून म्हणाला, "नहीं. थक जाता था. रोज़ यहीं से निकलता था."

ती त्याची सायकल धरून गल्लीत चालू लागली. वाकडं हँडल घेऊन मीही मागं गेलो. वर्गाच्या खोलीत साऱ्या बाया मांडीवर पाट्या घेऊन बसल्या होत्या.

"आज सबको बुलाया?" अंबादासनं विचारलं.

"बुलाया किसने? रोज़ बैठते हैं. घंटा भर राह देखते हैं, फिर उठ जाते हैं."

अंबादास दारातच हमसून हमसून रडला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. डोळे पुसून तो म्हणाला, "रोज़ नहीं होगा मुझसे. इतवार को आऊँगा." माझ्यासमोर तो पहिल्यांदाच झेपेल एवढं बोलला, आणि पुढं कितीतरी वर्षं त्यानं ते पाळलं.



"इतवार सही," रशीदन म्हणाली. "पर बाकी दिन अब हम राह नहीं देखेंगे."