ॲव्हरेजवाला जावई

चहा येईपर्यंत सांगून टाकतो. चहा पिताना ऐकलात तर ठसका लागेल आणि बोल माझ्यावर येईल. माझ्या सासरची माणसं अजून मला बघून गालात का हसतात, त्याची ही गोष्ट.

माझी डिझेल पिकअप आहे. मंचरला टोमॅटो भरायचे, मुंबईला पोचवायचे, हा आपला धंदा. हायवेला पळणाऱ्या माणसाचा देव एकच, ॲव्हरेज. लिटरमागे किती जाते, हे मी दोस्तांना सांगायचो, पावण्यांना सांगायचो, कोणी नसलं तर बायकोला सांगायचो.

हे ॲव्हरेज आणखी वाढावं म्हणून मी गाडीचा क्राउन बदलून घेतला. मागच्या आसात दातेरी चाकांची जोडी असते, तिला क्राउन म्हणतात. दात्यांचा हिशेब बदलला की इंजिन कमी फिरतं आणि चाकं जास्त पळतात. डिझेल वाचतं. फक्त ओढायची ताकद जाते. मिस्त्री म्हणालाही होता, "भाऊ, सपाटीला लई भारी चालंल. चढाला मात्र रडंल, आधीच सांगतो." यातलं 'लई भारी' एवढंच मी घरी घेऊन आलो.

त्यात माझ्या मेव्हण्याचं, संतोषचं लग्न निघालं. सासर माझं बोरी बुद्रुकचं आणि नवरी घाटघरची. हळदीला सगळे जमलेले, मग मी काय गप्प बसतोय? सासऱ्यांच्या जुनाट जीपकडे बोट दाखवून म्हणालो, "मामा, ही डिझेल पिते का आंघोळ करते डिझेलनं?"

मामा शांतपणे म्हणाले, "पिती बापडी. पर वढती. तुमची वढती का, जावईबापू?"

"हत्ती बांधा मामा, हत्ती!"

माझ्या जिभेला ब्रेक नाही, हे बायको उगाच म्हणत नाही.

लग्नाच्या दिवशी नवरदेव मामांच्या जीपमध्ये, चालवायला मामा स्वतः. माझ्या पिकअपमध्ये वऱ्हाडातल्या बायका. घाटघरजवळ नवरीच्या वाडीचा फाटा लागतो आणि तिथून जी चढण सुरू होते ती छातीवरच येते. फाट्यावर वळलो आणि मागे जीप बसली. क्लचप्लेट जळाली.

तेवढ्यात मांडवातून नवरीच्या मामाचा फोन. "पावणं, कुठवर आलाय? मुहूर्त टळतोय, भटजी लई कावलंत."

संतोषचा चेहरा बाशिंगाच्या मागे पार उतरला. एक तर हे लग्न दोनदा मोडता मोडता जमलेलं. नवरीकडची माणसं मुहूर्ताला भारी कडक.

मामा म्हणाले, "संतूला तुमच्या गाडीत घ्या आन व्हा म्होरं. जीप र्‍हाऊ द्या हितंच."

किती सरळ गोष्ट होती सांगा! पण मी म्हणालो, "नवरदेव टमाट्याच्या गाडीतून उतरणार? काय शोभा राहील मामा? जीपसकट नेतो."

बायका खाली उतरवल्या. दोर बांधला. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी एकदा थरथरून बंद पडली. परत चालू केली. परत बंद. तिसऱ्यांदा जास्त रेस दिली, तर जळका वास सुटला आणि बायकांनी नाकाला पदर लावले. जीप बोटभरही हलली नव्हती.

माझी बायको मंगल खिडकीशी आली. "अहो, ॲव्हरेज किती पडतंय?"

घरचा आहेर म्हणतात तो हाच.

संतोष रडकुंडीला आला. "दाजी, मी चालत जाऊ का?"

तेव्हा मला आठवलं, पिकअपमध्ये पहिल्यापेक्षाही ताकदीचा एक गिअर असतो. रिव्हर्स. मी गाडी वळवली, तिचं तोंड जीपच्या तोंडाला लावलं, दोर पुढच्या हुकाला बांधला आणि रिव्हर्स टाकला. काय सांगू, जीप सुरसुर निघाली.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. मी उलटा चढतोय. समोर दोन काचांपलीकडे मामा, स्टिअरिंग धरून, माझ्याकडे एकटक बघताहेत. मान मागे वळवून रस्ता बघावा तर दुखते, पुढे करावी तर सासरा. शेजारी मंगल चालतेय, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या." आणि माझ्या गाडीचा रिव्हर्स हॉर्न सगळ्या चढणीला पिपाणीसारखा वाजतोय.

तो ऐकून वाडीतली माणसं धावत बाहेर आली. मांडवापाशी सपाटी लागली, दोर सैल होऊन खाली लोळला, आणि मुहूर्ताच्या तोंडावर नवरदेव उतरला. अक्षता पडल्या. लग्न लागलं. मला वाटलं, आता माझं कौतुक होणार.

जेवणं चालू असताना नवरीचा मामा आला, तो थेट माझ्या सासऱ्यांकडे. त्यांच्या डोक्यावर फेटा बांधला आणि चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मानलं राव तुमच्या जीपला. एवढ्या चढाला ही बंद पडलेली पिकअप ढकलत आणली!"

मी पानावरून उठलोच. मग लक्षात आलं. खालून वर येताना जीपचं तोंड वर, माझं तोंड खाली, आणि दोर कोणाला दिसणार? बघणाऱ्याला तसंच दिसलं असणार. मी मामांकडे पाहिलं. मामांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, "घरचीच गाडी हाय. सोडून कसं येणार?"

मंगलकडे पाहिलं. ती बापाची लेक, तिने तोंडात लाडू कोंबला.

नवरीच्या मामाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पावणं, वाईट वाटून घिऊ नका. काय झालंय गाडीला?"

आता खरं सांगायचं, तर माझी गाडी घाट फक्त उलटा चढते हे अख्ख्या मांडवासमोर कबूल करायचं. मी सगळा विचार केला आणि म्हणालो, "क्लचप्लेट जळालीय."