तहान लागत नाही म्हणणारी मावशी

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहिते.

आपल्या मेडशीत सोयाबीनची सोंगणी सुरू आहे, अख्खी गल्ली वावरात. मी शेजारच्या गंगूमावशीला पाहायला गेले. कंबर मोडल्यापासून ती खाटेवरच असते. उशाशी तांब्या भरलेला, आणि ओठ पार सुकलेले.

“मावशी, पानी पे ना वं.”

“नाई. पेलं का लघवीले उठा लागते. सून सांजी येईन. तवर कोन उठवते मले?”

“मी हावो ना.”

“तुले तं तुयेच गुडघे उठू देत नाईत,” ती हसली.

खरंच होतं. माझ्या एकटीच्यानं ती उचलली जात नाही, जोडीला दुसरी लागते. दारात जाऊन हाका मारल्या, तर सगळ्या घरांना कुलपं. मग ओल्या फडक्यानं तिचे ओठ टिपत बसले.

सून आली तेव्हा मावशी अख्खा तांब्या प्यायली. सून बघतच राहिली. “मले तं रोज म्हनते, तहानच नाई लागत,” म्हणाली अन् खाटेला धरून रडली.

तिला बोल लावू नका, वावरात गेल्याशिवाय तिचं भागत नाही.

उद्याही सोंगणी आहे. मी मावशीकडे बसणार आहे. उचलायला दुसरी कोण येते?