शुभेच्छुक : लाडका भाऊ

लालबागच्या आमच्या चाळीत अक्षदाच्या आणि माझ्या खोलीच्या मध्ये एकच भिंत. त्यामुळे तिचा अभ्यास मला पाठ आणि तिचा मारही. वडील वारले तेव्हापासून भाऊ हितेंद्र घरातला कर्ता पुरुष. करत मात्र काहीच नव्हता.

अक्षदा प्रभादेवीच्या एका सीएकडे आर्टिकलशिप करून शेवटच्या परीक्षेला बसणार होती. डाव्या हाताची बोटं न बघता कॅलक्युलेटरवर चालायची, उजव्या हातात पेन. पेपरात वेळ वाचावा म्हणून सीए करणाऱ्या मुली मुद्दाम असं शिकतात. त्यातच हितेंद्रने स्थळ आणलं. ती पाहुण्यांसमोरच म्हणाली, "परीक्षा होऊ दे, मग बघू."

पाहुणे जिना उतरले आणि हा सुरू झाला. आधी थोबाडीत, मग केस धरून डोकं कपाटावर.

"दादा, हात नको!"

असं ओरडायला नको होतं तिने. त्याने तिचं डावं मनगट उंबऱ्यावर दाबलं आणि वरवंटा घातला. तीनदा. याच हाताने ती हिशोब करते, एवढंच त्या गाढवाला ठाऊक. हे तिच्या आईने मला नंतर सांगितलं. ऐकू मात्र तेव्हाच सगळं येत होतं. मी टीव्हीचा आवाज वाढवला. लाज वाटते सांगायला.

बाराव्या दिवशी ती प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून पेपरला गेली. पेन ठेवायचं, उजव्या हातानेच आकडे दाबायचे, पुन्हा पेन उचलायचं. प्रत्येक पेपरात काहीतरी राहिलंच. तरी पोरगी पास झाली!

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी चाळीच्या गेटवर बॅनर. 'सीए अक्षदा हिचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : लाडका भाऊ हितेंद्र.' तिचा फोटो तळहाताएवढा, त्याचा पुरुषभर, गॉगलसकट. खाली तो स्वतः पेढे वाटत उभा.

अक्षदा मासळीची सुरी घेऊन खाली आली आणि बॅनरवरचं त्याचं तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत फाडलं. "ए भवाने!" म्हणत त्याने तिची वेणी मुठीला गुंडाळून मान मागे ओढली. सुरी त्याच्या पोटाला टेकली.

"सोड."

"भावाला मारशील?"

तिने सुरी थोडी दाबली. शर्टावर लाल डाग उमटला, पसरला. हितेंद्रने वेणी सोडली आणि भर चाळीसमोर रडायला लागला.

"आई, कपडे भर. निघायचंय," अक्षदा वर बघून म्हणाली.

आम्ही सगळे गॅलरीत उभे होतो. मला तिची भीती वाटली, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.